पिवळ्या चौकटीतले उत्तर

मित्रांनो, मी एक जुने उत्तर आहे. उत्तर म्हणजे परीक्षेतले नव्हे. कॅनडात, नोव्हा स्कोशियातल्या शेळ्या पाळणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. त्या कट्ट्याच्या अगदी वरच्या बाजूला एक पिवळी चौकट आहे. त्या चौकटीत मी राहतो. खाली लोक जे लिहितात ते सगळे मला दिसते. मला मात्र माझ्या बाजूने एक अक्षरही लिहिता येत नाही. मला जेवढे लिहून ठेवले आहे, तेवढाच मी.

मला लिहिले व्हर्ना क्राउझने. ब्रिजवॉटर गावाच्या पलीकडे एका चढावर तिचे घर होते आणि घरापेक्षा तिचा गोठा ऊबदार होता, असे लोक म्हणत. हिवाळा संपत आला, अंगणातला बर्फ काळा पडून वितळू लागला, की कट्ट्यावर दरवर्षी तोच प्रश्न येई. 'माझी शेळी अडखळते. मलूल झाली आहे. काय करू?' व्हर्ना प्रत्येकाला नव्याने उत्तर देई. आधी शेळीचे नाव विचारी, मग गवत कसले घालता ते विचारी, मग हळूच म्हणे, "तिच्या डोळ्याची खालची पापणी जरा ओढून बघा बरं. आतून गुलाबी आहे की पांढरी?" समोरचा माणूस निम्मा तिथेच सावरत असे.

एका वर्षी तिच्या बोटांचा संधिवात बळावला. तेव्हा तिने एकदाच बसून मला नीट लिहून काढले. शेळीची खालची पापणी बघा, पांढरी म्हणजे जंतांनी रक्त शोषले, तिला कोमट पाणी पाजा, त्यात थोडी काकवी घाला, जंताचे औषध द्या, कोरड्या पेंढ्यावर ठेवा, दोन-तीन दिवस धीर धरा. आणि सर्वांत खाली तिने लिहिले, 'यातलं काही तुमच्या शेळीशी जुळत नसेल तर खुशाल पुन्हा विचारा. लाजू नका. मी आहे.'

ते माझे सुखाचे दिवस होते. लोक मला वाचत आणि खाली लिहीत, "व्हर्ना, उभी राहिली गं बाई! आत्ता माझी टोपी खातेय!" कुणी धडपडणाऱ्या करडाचा फोटो टाकी. कुणी मला छापून गोठ्याच्या दाराला चिकटवले होते. माझा ऊर भरून येई. आपल्यामुळे कुणाचे तरी जनावर उभे राहिले, याहून मोठे कौतुक कोणते?

मग व्हर्ना दिसेनाशी झाली. तिच्या मुलीने दोन ओळी लिहिल्या, की आई गेली, शेळ्या चांगल्या घरी दिल्या आहेत. कट्ट्यावर पुष्कळ लोक रडले. मला रडता आले नाही.

तिच्यामागे कट्ट्याची देखरेख डेल्बर्ट हर्टलकडे आली. डेल्बर्ट चीज करणारा, सचोटीचा माणूस. या कामाचे त्याला कुणी काही देत नसे. सुरुवातीला तोही व्हर्नासारखाच गोड बोले. पण दर वसंतात तोच प्रश्न आणि विचारणारा दरवेळी नवा. हळूहळू त्याचा सूर बदलत गेला. "अहो, वर लिहिलंय ना!" "शोधायचे कष्ट घ्या की जरा." शेवटी एकदा त्याने लिहिले, "मी इथे सकाळपासून रात्रीपर्यंत एकच रेकॉर्ड वाजवतोय. माझा चहा रोज गार होतो." आणि त्याच दिवशी त्याने मला या पिवळ्या चौकटीत आणून बसवले. वर ठळक अक्षरात मथळा दिला, 'आधी हे वाचा, मग तोंड उघडा.' चौकटीत मावेना म्हणून त्याने माझी शेवटची ओळ कापली. त्याला ती फालतू वाटली असावी. व्हर्ना तर आता नव्हतीच.

त्यानंतर माझे जगणेच बदलले, मित्रांनो. पूर्वी लोक मला हातात देत, आता फेकून मारू लागले. कुणी घाबऱ्याघुबऱ्या काही विचारले की चार जण माझ्याकडे बोट दाखवत आणि आपसात हसत. विचारणारा ओशाळून निघून जाई. त्याची शेळी जगली की मेली, हे मला कधीच कळत नसे.

आणि मग एका शरद ऋतूत वेंडेल नाउस आला.

वेंडेलने सगळे आयुष्य लहाव नदीवरच्या फेरीबोटीवर काढले होते. शेळी त्याची नव्हती, बायकोची होती. कोरीनचे खुब्याचे हाड मोडले होते आणि ती हॅलिफॅक्सच्या इस्पितळात पडून होती. तिची लाडकी शेळी मोलॅसिस, काकवीच्या रंगाची, वेंडेलच्या गळ्यात पडली होती. हे सगळे त्याने प्रश्नाच्या आधीच लिहून टाकले, कारण कुठून सुरुवात करावी हे त्याला समजत नव्हते.

"नमस्कार मंडळी," त्याने लिहिले, "मला बोटीतलं सगळं कळतं, शेळीतलं काही कळत नाही. कालपासून ही मागच्या पायांनी अडखळतेय. खाणंपिणं झकास आहे. पण चालताना मागचा भाग प्यायलेल्या खलाशासारखा एकीकडे जातो. काय करू?"

"आलं! शेळी अडखळते, या वर्षी शरदातच आलं," एकाने लिहिले.

"काका, वर पिवळी चौकट आहे. चष्मा लावा," दुसरा म्हणाला.

डेल्बर्टने एवढेच लिहिले, "उत्तर वर आहे."

वेंडेल भला माणूस. त्याने मुकाट्याने मला वाचले. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा वाचले असावे, कारण मध्ये येऊन त्याने विचारले, "कोमट म्हणजे किती कोमट?" कुणी उत्तर दिले नाही.

मला त्या क्षणी ओरडायचे होते. व्हर्नाला ज्यांनी ज्यांनी विचारले, त्यांच्या शेळ्या हिवाळ्याने खंगलेल्या होत्या. ही शेळी तर भरल्या पोटी अडखळत होती. हिचे दुखणे वेगळे होते आणि ते माझ्यात नव्हते. माझ्यात काय आहे हे मला पक्के ठाऊक होते आणि काय नाही हेही ठाऊक होते. पण मी सांगणार कसा? 'दोन-तीन दिवस धीर धरा' ही माझीच ओळ तो वाचत होता आणि मी ती त्याच्यासमोर धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. "पाणी पाजलं, काकवी घातली, औषध दिलं, पेंढा बदलला. पापणी गुलाबी आहे. तरी आज जास्तच झोकांड्या देतेय. थांबू ना?"

"उत्तर दिलेलं आहे," डेल्बर्टने लिहिले. "त्याच त्या गोष्टीवर पुन्हा चर्चा नको. हा धागा बंद करतो."

आणि त्याने तो बंद केला. वेंडेलला तिथे आता काही लिहिता येईना.

मग वेंडेल कुठे उगवला माहीत आहे? कट्ट्यावरच्या चीजच्या पाककृतींमध्ये! लोक मिठाचे प्रमाण बोलत होते आणि मध्येच याचे अक्षर आले, "माफ करा हं, भलत्या ठिकाणी विचारतोय. तिकडे दार बंद झालंय. मोलॅसिस आज उठलीच नाही. पण मान वर करून बघते माझ्याकडे."

तिथे क्लेअर गावाकडची इव्हेट कोमो होती. ती कट्ट्यावर फारशी बोलत नसे. तिने मिठाचे बोलणे तिथेच सोडले.

"वेंडेल, तुमच्या कुरणात हरणं येतात का हो?"

"येतात की. सफरचंदं पडतात ना खाली. कोरीनला आवडतं त्यांना बघायला. का?"

मग इव्हेटने लिहिले, "हरणांच्या विष्ठेतून एक जंत गोगलगायींत जातो आणि गवताबरोबर गोगलगाय खाल्ली की शेळीत. तो मणक्यात शिरतो. नेहमीच्या औषधाने जात नाही. जनावरांच्या डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता बोलवा. मी फोन नंबर देते. थांबू नका."

डॉक्टर आले. इंजेक्शने दिली. वेंडेल गोठ्यातच बसून होता, तिथूनच मधूनमधून एखादी ओळ लिही. "बिस्किट खाल्लं अर्धं." "पाय हलवला असं वाटलं, पण मीच हलवला असेन." डॉक्टर त्याला म्हणाले होते, की पहिल्या अडखळण्यालाच बोलावले असते तर बरीच आशा होती.

मग एका सकाळी त्याने लिहिले, "मोलॅसिस गेली. परवा कोरीन घरी येतेय. फोनवर रोज विचारते, माझी पोर काय करतेय. आता तिला काय सांगू? हा प्रश्नही कुणी आधी विचारला असेल तर उत्तर कुठे आहे ते दाखवा, मी वाचतो. पुन्हा विचारणार नाही."

एवढी माणसे होती, पण कुणाचेही बोट माझ्याकडे वळले नाही. मी पिवळ्या चौकटीत होतो तसाच बसलो होतो, कोमट पाण्याचे आणि पेंढ्याचे सांगत.

मग डेल्बर्टचे अक्षर उमटले. "नाही वेंडेल. याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही राहता कुठे? मी येतो. कोरीनला मी सांगतो. चूक माझी आहे."

तो खरोखर गेला. पुढे काय झाले ते वेंडेलनेच लिहिले. "डेल्बर्ट येऊन गेला. कोरीन त्याला खूप बोलली. तो मान खाली घालून उभा. मग ती रडली, मग मला म्हणाली, उभा काय ठेवलायस त्याला, वाढ काहीतरी. मासळीच्या टिक्क्या आणि हिरव्या टोमॅटोचं लोणचं खाऊन गेला. शेळ्या आता पाळायच्या नाहीत म्हणते. गोठा तसाच आहे." त्यानंतर वेंडेल कट्ट्यावर कधी आला नाही.

डेल्बर्टने माझ्यात हरणांची आणि गोगलगायींची माहिती घातली. मथळ्यातले 'तोंड उघडा' काढून टाकले. तो स्वतः आता पुन्हा प्रत्येकाशी बोलतो. पण तो एकटा कुठे कुठे पुरणार? परवाच एक नवी मुलगी आली. तिच्या करडाला काहीतरी होत होते. डेल्बर्ट तेव्हा बाजारात होता. तो यायच्या आत कुणीतरी लिहिलेच, "वर आहे बघ." मुलगी निघून गेली. मी पूर्वीपेक्षा लांबलचक झालो आहे, घाबरलेल्या माणसाकडून मी पुरता वाचलाही जात नाही. तिच्या करडाचे दुखणे माझ्यात होते की नाही, कोण जाणे. डेल्बर्ट तिला रोज हाक मारतो. ती अजून आलेली नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो, मित्रांनो. तुम्हीही कधीतरी अशा कट्ट्यांवर बसाल. तोच प्रश्न शंभरदा ऐकून कंटाळाल. कंटाळणे हा गुन्हा नाही. कंटाळा आला तर गप्प बसा, दुसरे कुणी बोलेल. माझ्यासारखी जुनी उत्तरे जरूर दाखवा, त्यासाठीच तर आम्हाला लिहिले आहे. पण दाखवताना एक वाक्य आपले घाला, आणि तो माणूस परत आला तर दार उघडे ठेवा. तुम्ही तो प्रश्न कितीही वेळा ऐकलेला असो, त्याच्या गोठ्यात ते पहिल्यांदाच घडत असते.

उत्तर द्यायला मी आहेच. पण 'काय झालं?' असे मला कुणालाच विचारता येत नाही. तेवढे तुम्ही विचारा.