होल्डरमध्ये उभी वीज

छापखान्यात त्याला सगळे अनुस्वार म्हणत. मुद्रितं तपासताना सुटलेला अनुस्वार त्याच्या नजरेतून कधी निसटत नसे, म्हणून हे नाव पडलं. पुढे मालकही त्याच नावाने हाक मारू लागले. घरी मात्र तो नुसता जावई होता. भाड्याची खोली सोडावी लागली आणि त्याच सुमारास सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा 'तेवढ्यापुरतं' म्हणून तो बायकोबरोबर सासरी राहायला आला. ते तेवढ्यापुरतं काही संपेना. शेजारचे जिन्यात गाठून 'काय जावईबापू, रमलात ना?' असं विचारत आणि तो ओशाळं हसून दोन-दोन पायऱ्या चढत वर सटके.

कोणी तोंडावर काही बोलत नव्हतं, पण आपण फुकट जेवतो ही टोचणी त्याची त्यालाच होती. म्हणून सासऱ्यांची दिव्याची अडचण कानावर आली तेव्हा त्याने ती झेलूनच घेतली. सासरे शाळेत कवायतीचे मास्तर होते. ऑपरेशनपासून ते मागच्या खोलीत लोखंडी पलंगावर झोपत. दिवा पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर, आणि त्याचं बटण पार दाराच्या मागे. दिवा मालवून अंधारात चाचपडत पलंगाकडे यायचं, म्हणजे गुडघ्याची परीक्षाच.

अनुस्वारने बाजारातून स्विच आणला. मेन बंद केला, दिव्याकडे जाणारी पट्टी उशाजवळ उचकटली. आत एकाच मळकट रंगाच्या दोन तारा होत्या. त्यातली हाताला आधी लागली ती त्याने कापली आणि तिच्या दोन टोकांमध्ये स्विच बसवला. दारामागचं बटण कायमचं चालू ठेवायचं ठरलं. मेन लावून स्विच दाबला तर दिवा लागला, पुन्हा दाबला तर विझला. सासऱ्यांनी पडल्या पडल्या चार वेळा लावून पाहिला आणि म्हणाले, "जावईबापू, हात चांगला आहे की तुमचा." त्या एका वाक्यावर तो पुढचे कितीतरी दिवस तरंगत होता.

मग एका दुपारी छापखान्यात त्याच्या टेबलावर घरगुती वीजकामाच्या पुस्तकाची मुद्रितं आली. तो नेहमीसारखा पट्टी सरकवत ओळीमागून ओळ वाचत होता. 'स्विच नेहमी फेजच्याच तारेवर बसवावा,' अशी ओळ आली. त्यात चूक नव्हती. पुढच्या ओळीत 'न्यूट्रल'मधला रकार चुकला होता. त्याने समासात खूण केली, आणि खूण करता करता ओळीचा अर्थ डोक्यात शिरला. स्विच न्यूट्रलवर बसवला तरी दिवा लागतो आणि विझतोही. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये वीज तशीच उभी असते. वीज येते ती फेजची तार तोडलेली नसते, जाते ती न्यूट्रलची तोडलेली असते.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. कोणती तार कापली होती आपण? दोन्ही सारख्याच. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच झालं होतं.

एवढ्याने कदाचित तो संध्याकाळपर्यंत थांबलाही असता. पण सकाळी चहा पिताना सासरे म्हणाल्याचं त्याला आठवलं, की दिव्याच्या काचेत किडे साचलेत, आज काच उतरवून सगळं पुसून काढतो.

त्याने सासऱ्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सासूबाईंचा लावला तर त्या दुसऱ्या कोणाशी बोलत होत्या, आणि बहिणीशी बोलायला लागल्या की त्यांना कशाचं भान नसे. बायको दवाखान्यात नर्स, वॉर्डात असताना तिचा फोन कपाटात. मालकांना घरी अडचण आहे एवढंच सांगून तो निघाला. बस चौकात अडकली तसा मध्येच उतरला आणि पळत सुटला. पळताना मनात नको ते येत होतं. बायकोला काय सांगणार? आणि सांगायची वेळ आलीच, तर त्या घरात पाऊल कसं ठेवणार? मग दुसरं मन म्हणे, अरे, योग्य तारही कापली असशील. तो क्षणभर सावरे, की पुन्हा काच उतरवणारे सासरे डोळ्यांपुढे उभे राहत.

जिना चढून त्याने बेल दाबली. बेल वाजलीच नाही. पुन्हा दाबली. घरात वीज नव्हती, आणि शेजारच्या घरात तर पंखा फिरताना दिसत होता. त्याने खिशातली किल्ली काढून दार उघडलं.

सासरे पलंगावर आडवे होते. सासूबाई शेजारी बसून त्यांचा उजवा हात चोळत होत्या. दिव्याची काच खाली फुटून पडली होती. सासऱ्यांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं तेव्हा कुठे तो दाराला टेकला.

काय झालं ते सासूबाईंनी तुटक तुटक सांगितलं. यांनी उशाचं बटण बंद केलं, बल्ब काढला. डाव्या हाताने पलंगाचा लोखंडी दांडा धरला होता, आणि उजव्या हाताने ओलं फडकं घेऊन होल्डर आतून पुसायला गेले. असा झटका बसला की फेकल्यासारखे गादीवर पडले. त्या फोन टाकून धावल्या आणि आधी मेन पाडला.

"पण दिवा तर बंद होता," सासरे म्हणाले. "मी स्वतः बंद केला होता."

आता गप्प बसलं तर कोणाला काही कळणार नव्हतं. जुनी वायरिंग, ओलं फडकं, कशावरही ढकलता आलं असतं.

"चूक माझी आहे, बाबा," तो म्हणाला. "मी चुकीची तार तोडली. दिवा विझत होता, पण वीज आतच होती."

सासूबाईंचा हात चोळायचा थांबला. त्यांनी जावयाकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याने दवाखान्यात फोन करून बायकोला वॉर्डातून बोलावून घेतलं आणि तिलाही तेच सांगितलं. छातीचा आलेख, ईसीजी, काढायला हवा, बाबांना ताबडतोब घेऊन ये, एवढंच ती म्हणाली. मला काही झालेलं नाही असं सासरे बजावत राहिले, पण रिक्षात बसले.

दवाखान्यात बायको त्यांना आत घेऊन गेली. बाहेरच्या बाकावर जावई आणि सासू उरले. दोघांच्या मध्ये सासूबाईंची पर्स होती. दार उघडलं की दोघेही मान वर करत आणि दुसरंच कोणीतरी बाहेर येई.

बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, "मला नीट सांगा. दिवा बंद होता, मग वीज आली कुठून?"

त्याने पर्सचे दोन बंद हातात घेतले. या बंदाने वीज येते, तो म्हणाला, ही पर्स म्हणजे दिवा, आणि त्या बंदाने वीज परत जाते. स्विच येणाऱ्या बंदावर हवा. मी जाणाऱ्यावर बसवला.

"म्हणजे चोर घरात शिरलेलाच होता. तुम्ही त्याची फक्त बाहेर जायची वाट बंद केलीत."

"हो."

"आणि दिसायला दोन्ही सारखंच."

"हो, आई."

त्यांनी पर्स मांडीवर ओढून घेतली. रागावल्या होत्या त्या होत्याच, पण जरा वेळाने त्यांनी विचारलं, येणारी तार कोणती हे ओळखायचं कसं? त्याने टेस्टरबद्दल सांगितलं, वीज असलेल्या तारेला टोक टेकवलं की आत लाल ठिपका पेटतो.

आलेख ठीक निघाला. छातीला लावलेल्या चिकटपट्ट्या केसांसकट निघाल्या म्हणून सासरे कुरकुरत बाहेर आले. त्यांच्यामागून आलेल्या बायकोने अनुस्वारच्या दंडाला धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

घरी येईपर्यंत अंधार पडू लागला होता. सासरे बाहेरच्या खोलीत बसले. रात्रीचं हे काम काढू नका, उद्या इलेक्ट्रिशियन बोलवू, असं बायको म्हणत होती, पण सासूबाईंना उघड्या तारांची खोली घरात नको होती. अनुस्वारने न तोडलेल्या तारेचं आवरण जरासं खरवडलं, मेन लावला आणि येताना विकत घेतलेला टेस्टर तिथे टेकवला. टेस्टरमध्ये लाल ठिपका पेटला. मेन पाडून त्याने तोडलेली तार पक्की जोडली, दुसरी कापली आणि स्विच तिच्यावर घेतला. सगळा वेळ सासूबाई बॅटरी धरून उभ्या होत्या.

पुन्हा मेन लावल्यावर त्यांनी टेस्टर मागितला. तो देईना. पलंगाला हात लावायचा नाही, पायात चपला हव्यात, असं दोनदा बजावून मग दिला. स्विच बंद करून त्यांनी टेस्टरचं टोक होल्डरमध्ये नेलं. ठिपका पेटला नाही.

बाहेरून सासऱ्यांनी विचारलं, की आता पाठ टेकायला यावं का.

"थांबा जरा," सासूबाई म्हणाल्या, आणि टेस्टर जावयाच्या हातात देत हळूच म्हणाल्या, "एकदा तुम्हीपण बघा."