टोकाची टोपी

सिद्धोधनला राग यायचा, पण वेळेवर कधीच यायचा नाही. कॉलेजात कुणी काही बोललं की तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा, आणि संध्याकाळी घरी, झरीला जाणाऱ्या बसमध्ये, निम्मा रस्ता सरल्यावर, त्याचे कान तापायचे. सेकंदाचा कोट्यंशही चुकू न देणाऱ्या माणसाची ही गत.

परभणीतल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात तो अकरा वर्षं लॅब अटेंडंट होता, तोही कंत्राटी. लॅबमध्ये एका लांब टेबलावर तीन यंत्रं होती. एक सिग्नल तयार करायचं, दुसरं, म्हणजे काउंटर, तो मोजायचं, तिसरं त्याचं चित्र दाखवायचं. सिग्नल एकच, पण आकडे जुळायचे नाहीत, कारण प्रत्येकाच्या पोटात आपापलं घड्याळ आणि प्रत्येक जण आपल्याच तोऱ्यात. पोरं वहीत 'मापनातील चूक' असं लिहून मोकळी व्हायची. सिद्धोधनच्या मात्र ते डोळ्यांत खुपायचं.

जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या भंगारातून त्यानं एक डबी हुडकून आणली. तिच्यातला स्फटिक सतत एकाच उबेत राहतो, म्हणून तिचा ठोका हलत नाही. त्या डबीतून एक केबल काढून त्यानं तिन्ही यंत्रांच्या पाठीमागून फिरवली, प्रत्येकापाशी एक फाटा दिला आणि तिघांनाही हाच एक ठोका धरायला लावला. शेवटच्या फाट्याच्या मोकळ्या तोंडावर बोटाच्या पेराएवढी धातूची टोपी बसवली. तिन्ही आकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळले, तेव्हा तो एकटाच टेबलासमोर हसत उभा राहिला.

"टोपी नसली की सिग्नल टोकावर आपटून माघारी येतो," त्यानं घरी बायकोला, रोहिणीला समजावून सांगितलं. "जानारा अन् येनारा एकमेकाला खातेत. मधलं मशीन उपाशी ऱ्हातंय."

"म्हंजे टोपी घालनं बी कधी कधी चांगलं असतंय म्हना," रोहिणी हसली. तेव्हापासून तो घरी आला की ती रोज विचारायची, "घातली का टोपी?"

विभागप्रमुख दिनकररावांनी ही मांडणी पाहिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. "टेक्निकल असिस्टंटची कायम जागा निघायलीय. तपासणी समिती आली की हे दाखवू. तुझं नाव मी सोता सांगतो." त्या दिवशी बसमध्ये सिद्धोधन उभ्यानं गेला, पण त्याला ते कळलंसुद्धा नाही. पोरीची शाळा, पक्की नोकरी, हातात ओळखपत्र, सगळं त्यानं मनात मांडून ठेवलं.

समितीच्या दिवशी सकाळी दिनकररावांनी टेबल न्याहाळलं. शेवटच्या फाट्याला पुढं काहीच जोडलेलं नव्हतं. मग तोंडावर हे बोंडूक कशाला, म्हणून त्यांनी ते स्वतःच फिरवून काढलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. सिद्धोधन तेव्हा खाली चहा सांगायला गेला होता. त्याला तेच काम दिलं होतं.

तो ट्रे घेऊन दारात आला तेव्हा काउंटरचा, ठोका मिळतोय हे सांगणारा हिरवा दिवा विझलेला होता. आकडा भरकटला होता आणि पुण्याहून आलेल्या मॅडम चष्मा वर करून पाहत होत्या. दिनकररावांच्या कपाळावर घाम होता. सिद्धोधनला एका नजरेत कळलं.

गप्प राहिला असता तर बरं झालं असतं. पण मधलं यंत्र उपाशी पाहून त्याला राहवेना.

"सर, टोकाची टोपी न्हाई."

दिनकररावांचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि टोपी बाहेर आली. सगळ्यांनी ती पाहिली. "पुसताना ह्याच्याच हातून निघाली असणार," ते शांतपणे म्हणाले. "मी उचलून ठेवली होती."

सिद्धोधननं ट्रे ठेवला, टोपी घेतली आणि बसवली. दिवा लागला, आकडे जुळले.

"मांडणी छान आहे. कुणी केली?" मॅडमनी विचारलं.

"विभागानं. माझ्या मार्गदर्शनाखाली," दिनकरराव म्हणाले. "हा आमचा अटेंडंट."

सिद्धोधननं ट्रे उचलला. राग आलाच नाही.

समिती गेल्यावर दिनकररावांनी त्याला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. "मॅडमनी आकडा भरकटल्याचा शेरा मारलाय. टोपी तुझ्या हातून निघाली, येवढं लिहून दे. नुसती फॉर्मॅलिटी. नाव तुझंच पाठवायलोय." सिद्धोधननं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. खाली तारीख टाकली, वेळही टाकली, मिनिटासकट.

महिन्याभरानं यादी लागली. नाव बालाजीचं होतं, दिनकररावांच्या भाच्याचं. सिद्धोधन केबिनमध्ये गेला. दिनकररावांनी फाइल उघडून त्याच्यासमोर सरकवली.

"निष्काळजीपणा लेखी कबूल हाय. मी काय करू? अक्षर तर तुझंच हाय." मग म्हणाले, "बालाजीला ते टोपीचं दाखवून दे."

त्या दिवशी राग पहिल्यांदाच वेळेवर आला. बालाजी शेजारी उभा होता, टोपी चिमटीत होती आणि अर्धा आटा उलटा फिरवला की पुरे होतं. सिद्धोधननं वर पाहिलं. तिन्ही आकडे शेवटच्या अंकापर्यंत एकसारखे होते. त्याच्या हातून ते मोडवेना. त्यानं टोपी घट्ट केली आणि बालाजीला म्हणाला, "ही कदी काढायची न्हाई."

घरी रोहिणीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. यादीचं तिला अजून कळलेलं नव्हतं.

"घातली का टोपी?"

"घातली," सिद्धोधन म्हणाला. "अन् सही बी माझीच घेतली."