आधी विडा थुंक, हाडूकबाबा!

रानशेतच्या पाड्यावर रविवारी सकाळी ही गर्दी! आंब्याखाली हाडूकबाबा बसलेला. दुखऱ्या पाठीला तोंड लावायचा, चोखायचा आणि पळसाच्या पानावर थुंकायचा. पानावर काय? लालभडक हाडूक! लोक लगेच हात जोडून मोकळे.

"डॉक्टर भोकं पाडतो. मी ओरखडासुद्धा काढत नाही!" बाबा गरजला. "पाठीला लोखंड लागलं की हात वाळलाच समजा!"

हे वाक्य आधीच कानावर आलं होतं, तेव्हापासून चैत्याची झोप उडाली होती. त्याच्या बायकोने, नवशीने, वीस वर्षं चिकूच्या वाडीत लांब बांबू वर धरून फळं उतरवली. आता हात उचलला की खांद्यामागचं पसरट हाड, फरा, आतून कटकट वाजायचा आणि कळ मानेत चढायची. सहा महिने गोळ्या, व्यायाम झाले. गुण नाही. मंगळवारी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरलेली. आणि चैत्याने तिला इथे आणून बसवलं. मागे त्यांची प्रगती, नर्सिंग शिकणारी पोर, धुमसत उभी. शेजारी म्हणून मीही गेलो होतो.

बाबाने झोळीतून विडा काढून तोंडात कोंबला. आणि इतका बडबड्या माणूस एकदम मुका! नुसत्या हाताने खुणा.

प्रगतीने तांब्या पुढे केला. "बाबा, विडा थुंका. चूळ भरा. मग चोखा."

बाबाने जोरजोरात मान हलवली.

"ए पोरी, देवाची परीक्षा घेते?" मागून कुणीतरी खेकसलं.

नवशी गर्रकन वळली. "पाठ माझी. मी सांगते, थुंक!"

"तुझा हात झडेल, रांडे!" बाबा ओरडला, आणि शिवीबरोबर हाडूकही बाहेर पडलं.

चैत्याने ते उचलून निरखलं. "कोंबडीचं! माझ्या बायकोच्या पाठीत कोंबडी कधी शिरली रे?"

बाबा झोळी आवरायला लागला.

"पण मला तर गुण आला," गर्दीतला सुनिल, हात गळ्यात बांधलेला, पुटपुटला. बाबाने पाच दिवसांपूर्वी त्याचं हाडूक काढलेलं.

"हात गळ्यात बांधून ठेवायला सांगितलं ना बाबाने?" प्रगती म्हणाली. "आराम मिळाला म्हणून कळ थांबली. सोड तो हात, फिरव."

सुनिलने खांदा फिरवला. कट्. कट्. सगळ्या पाड्याने ऐकलं.

मंगळवारी नवशी दवाखान्यात गेली. फरा आणि बरगड्यांच्या मधली गादीसारखी, सुजलेली पिशवी डॉक्टरांनी दोन बारीक छिद्रांतून काढली, घासणारा हाडाचा कोपरा तासला. नंतर तीन महिने व्यायाम. हात वाळला नाही. आज ती त्याच हाताने चिकू उतरवते.

प्रत्येक पाठीला शस्त्रक्रिया लागत नाही, हेही त्याच डॉक्टरांनी सांगितलं. बाबाने मात्र प्रत्येक पाठीतून कोंबडी काढली. तेव्हा हात जोडण्याआधी विचारा, बाबांनो! कुणी चमत्कार दाखवायला आला, तर त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवा. खरा असेल तर चूळ भरेल.