मी देवाचं नाव होतो

मित्रांनो, मला हातात धरता येणार नाही, कारण मी एक म्हातारा शब्द आहे. माझं नाव वूडू. लगेच दचकू नका. माझी कर्मकहाणी ऐका, कारण सध्या माझा जीव नुसता टांगणीला लागला आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांच्या बोलीत मी जन्मलो. तिथे मी 'वोदुन' होतो, म्हणजे देव, दैवत. माणसं हात जोडून माझा उच्चार करत. मग गोऱ्या व्यापाऱ्यांनी त्यांना बेड्या घालून जहाजांत कोंबलं. अंगावर धड वस्त्र उरलं नाही, पण मी त्यांच्या जिभेवर राहिलो. समुद्रापार हैतीत, उसाच्या मळ्यांत राबताना त्यांनी माझ्याकडेच धीर मागितला. मालकांना मात्र माझी धास्ती वाटे. त्यांनी माझा अर्थ करणी आणि जादूटोणा असा करून टाकला, आणि तसाच मी इंग्रजीत शिरलो. सिनेमावाल्यांनी तर टाचण्या टोचलेली बाहुली माझ्या गळ्यात बांधली. झॉम्बी, म्हणजे सिनेमातलं ते चालतं प्रेत, या शब्दाचीही हीच गत. काँगोकडच्या देवाच्या नावावरूनच तो आला म्हणतात, आणि तुम्ही गेममध्ये त्याला गोळ्या घालता!

तेही मी सोसलं. पण यंदा धडगावच्या डोंगरात झालं ते सोसवत नाही.

तिथल्या एका पाड्यावर फुलवंताबाई एकटी राहते. नवी ज्वारी खाण्याआधी ती याहामोगी मातेपुढे मूठभर दाणे ठेवून देवीशी बोलत होती. खालच्या तापीकाठाहून फिरायला आलेल्या योगेंद्र नावाच्या दुकानदाराने त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला, वर मला चिकटवलं, 'सातपुड्यातली वूडू बाई', आणि सगळ्यांना पाठवला. पाड्यावरच्या पोरांनी माझा अर्थ शोधला. त्यांना सापडला तो मालकांनी केलेला. नेमकं तेव्हाच शेजारचं बाळ तापाने फणफणलं होतं. झालं! लोक तिला डाकीण म्हणू लागले. दारावर दगड पडले.

तिची भाची रिना धावतपळत डोंगर उतरून तापीकाठी योगेंद्रच्या दुकानात आली.

"आत्ताच्या आत्ता काढ ते! मावशीला मारून टाकतील लोक."

योगेंद्र पांढराफटक पडला. "माले काय माहीत व्हतं ताई, इतलं व्हई जाई? निस्ती गंमत व्हती ती."

"वूडू म्हणजे काय, ते तरी माहीत आहे का तुला?"

मी आकांताने ओरडत होतो, देव रे, देव! पण मित्रांनो, शब्दाला स्वतःचा आवाज नसतो.

योगेंद्रने तो व्हिडिओ पुसला. रिनाबरोबर पाड्यावर जाऊन त्याने सगळ्यांपुढे माफीही मागितली. दवाखान्याच्या औषधाने बाळाचा तापही उतरला. पण तोवर तो व्हिडिओ शेकडो मोबाइलवर पोचला होता, आणि दगड अजून थांबलेले नाहीत.

कदाचित तुमच्याही घरातल्या मोबाइलवर मी असेन. मित्रांनो, पाया पडतो, मला पुसा. पुढे पाठवू नका. ज्याच्या नावाने माणसं जगण्याचं बळ मागत, त्याला एका बाईचा जीव घ्यायला लावू नका. फुलवंताबाई आतून कडी लावून बसली आहे, आणि बाहेर पुन्हा माणसं जमू लागली आहेत.