हव्वेच्या कळा, आदामाचा घाम

वारज्याच्या चर्चच्या मंडळीत शमुवेलराव उजागऱ्यांचा शब्द पाळकांच्या शब्दाहून बोटभर वरच असे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे बोलायला भरपूर वेळ होता आणि ऐकायला अजिबात नव्हता. तरुणांच्या सभेत त्यांचा ठरलेला विषय म्हणजे 'देह हे देवाचं मंदिर'. त्यात ते तंबाखू, दारू, टॅटू आणि रात्रीची जागरणं यांची सालटी काढत. बाळंतपण हा विषय त्यांच्या मंदिरात कधी शिरला नव्हता. तो शिरला मे महिन्यात, जेवणाच्या टेबलावर, वांग्याच्या भाजीबरोबर.

सून शेफालीला नववा लागला होता. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज बाजूला ठेवून सगळं सासरीच व्हायचं होतं. डॉक्टर शाइस्तांनी त्या दिवशी तिला तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. कळा सुरू झाल्या की कण्यात एक इंजेक्शन देता येतं, त्यानं दुखणं पुष्कळ कमी होतं, हवंय का ते घरी ठरवून या, असंही त्या म्हणाल्या. शेफालीनं ते परतताना रिक्षातच ठरवून टाकलं. तिचा नवरा पियुष मात्र म्हणाला, "पप्पांना विचारून सांगू." इंजेक्शन शेफालीच्या कण्यात द्यायचं होतं, पण कण्याची खरी गरज पियुषला होती.

"त्यात विचारायचं काय?" शमुवेलराव म्हणाले. "एदेन बागेत देवानं हव्वेला काय सांगितलं? लेकरं वेदनेनंच होतील. देवाचं बोलणं सुई टोचून पुसायचं नसतं."

मग त्यांनी आपली साक्ष काढली. मंडळीतल्या आबालवृद्धांना ती पाठ होती. पियुषच्या जन्माच्या वेळी त्यांच्या बायकोनं, मार्थाबाईंनी, हूं की चूं केलं नाही, शेवटपर्यंत स्तोत्र म्हणत राहिल्या. ही साक्ष ते मातृदिनाला देत, बाप्तिस्म्याला देत, एकदा तर कुणाच्या तरी अंत्यविधीनंतर चहा घेताना दिली होती.

शेफालीनं ताटावरची नजर न उचलता विचारलं, "पप्पा, मागच्या महिन्यात दाढ काढलीत, तेव्हा भूल घेतली होती ना?"

"दाढेबद्दल पवित्र शास्त्रात काही नाही," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

शेफालीचा चेहरा उतरला. ऑफिसात भल्याभल्यांना कामाला लावणारी मुलगी, पण दुखण्याच्या धास्तीनं तिला हल्ली झोप लागत नव्हती. हे तिनं फक्त सासूला सांगितलं होतं.

मार्थाबाईंनी ताटं उचलली. मागचं आवरून झाल्यावर कौटुंबिक प्रार्थनेला बसल्या तेव्हा म्हणाल्या, "अहो, आज तो एदेनचाच भाग वाचा ना."

शमुवेलरावांनी खुशीनं वाचला. हव्वेच्या कळांपाशी येऊन त्यांनी शास्त्र मिटलं.

"पुढचं वाचा."

"पुढचं आदामाबद्दल आहे."

"तुम्ही आदामाकडचेच ना?"

पुढे होतं ते असं, की पुरुषानं घाम गाळून भाकर खावी आणि जमिनीतून त्याच्यासाठी काटेकुसळं उगवावीत. मार्थाबाई "आमेन" म्हणाल्या, उठल्या आणि त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं.

"हे काय?"

"दोन्ही एकाच पानावर आहे. अर्धं पान पाळायचं असतं का?"

वरती गच्ची तापलेली. शमुवेलरावांना वाटलं, बायकोचा राग आहे, सकाळपर्यंत निवळेल. पण मार्थाबाई तत्त्वाच्या बाई होत्या. शेफालीच्या खोलीत कूलर घुरघुरत होता, तिथं हव्वेच्या बाजूची माणसं झोपली. आदामाच्या बाजूची दोघं हॉलमध्ये चटईवर पालथी-उताणी होत राहिली.

"पप्पा, एकदा पुन्हा विचार करा ना," पियुष अंधारात म्हणाला.

"सोस," शमुवेलराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ताटात काहीच नव्हतं. "शास्त्रात पोळी नाही, भाकर आहे. तीही घाम गाळून," असं म्हणून मार्थाबाईंनी त्यांच्यापुढे ज्वारीच्या पिठाची परात सरकवली. पहिली भाकरी तव्यापर्यंत पोचलीच नाही. दुसरी पोचली, पण तुकड्यातुकड्यांनी. कमरेला हात लावून शेफाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सासऱ्यांच्या कपाळावरचा घाम परातीत ठिबकत होता.

"पप्पा, नाकानं श्वास घ्या आणि तोंडानं सोडा," ती म्हणाली. "आम्हाला क्लासमध्ये शिकवलंय. घाबरायचं नाही. सगळं नैसर्गिक असतं."

तेव्हा मात्र शमुवेलराव छत्री घेऊन तडक पाळकांकडे गेले. रेव्हरंड समाधान वयानं लहान, पण त्यांच्या ऑफिसात एसी होता. शमुवेलराव बरोबर त्याच्या झोताखाली बसले आणि त्यांनी घरातला अनाचार सांगितला. पाळकांनी तो गंभीरपणे ऐकून घेतला.

"तुमच्या कुंड्यांत रान माजलं तर तुम्ही ते उपटता ना?"

"उपटतो की."

"काटेकुसळंही त्याच पानावर आहेत. देवानं शिक्षा सांगितली खरी, पण ती आपण राबवावी असं कुठं सांगितलंय? प्रभूकडे एवढे दुखणेकरी आले. 'सोस, चांगलं असतं' म्हणून त्यानं एकालाही परत पाठवलं नाही. तो स्वतः देह धरून आला होता, दुखतं म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं."

शमुवेलरावांना हे पटलं. पण पटलं म्हणून लगेच मान्य करायचं, ही पद्धत उजागऱ्यांच्या घराण्यात नव्हती. घरी येऊन त्यांनी मार्थाबाईंना बजावलं, "घामानं मी हरणार नाही. पियुषच्या वेळी तू सोसलंस ना? मग मीही सोसेन."

मार्थाबाई कोथिंबीर निवडत होत्या. "मी सोसलं, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"म्हणजे?"

"तुम्ही होतात कुठं? चहाला जातो म्हणून गेलात, ते पियुष झाल्यावर उगवलात." मार्थाबाईंचे हात थांबले नव्हते. "ओरडत होते मी. आई जाऊन किती वर्षं झालेली, तरी तिला हाका मारत होते. नर्स म्हणाली, एवढा काय तमाशा, तू काय जगावेगळी आहेस का? स्तोत्र आठवायची शुद्ध कुणाला होती? तुमच्या नावानं मात्र बरंच काही म्हणाले. ते कुठल्या स्तोत्रात बसणारं नव्हतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"पहिल्याच रविवारी तुम्ही उभे राहून साक्ष दिलीत. अख्खी मंडळी आमेन म्हणाली. त्यानंतर मी उभं राहून काय सांगायचं होतं?"

 खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा शमुवेलरावांनी मंडळीतल्या कितीतरी पोरांकडून पाठ करून घेतली होती. त्यांना मनापासून लाज वाटली. गळ्यावरून घाम ओघळत होता, तो पुसायचंही सुचलं नाही. थोड्या वेळानं मार्थाबाईंनीच उठून पंखा लावला. 

पुढच्या आठवड्यात शेफालीला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टर शाइस्तांनी विचारलं, "मग, इंजेक्शनचं काय ठरलं?" पियुषनं सवयीनं वडिलांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" शमुवेलराव म्हणाले. "देह तिचा आहे. तिला विचार."

शेफालीला विचारायची गरज नव्हती. दोन कळांच्या मधे ती एवढंच म्हणाली, "द्या. आणि लवकर द्या."

तिच्याजवळ थांबायला मार्थाबाई आत गेल्या. बापलेक बाहेर बाकावर बसून राहिले. बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही, आणि शमुवेलराव दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले. मग दार उघडलं आणि मार्थाबाई तोंडाला पदर लावून बाहेर आल्या. त्यांचे डोळे वाहत होते.

"काय झालं? बाळ..."

"बाळाला वेळ आहे अजून. ठोके छान आहेत."

"मग शेफाली?"

"तीही छान आहे."

"मग तू रडतेस कशाला?"

"कळा चालू आहेत हो तिच्या. मशीनवर दिसतात, एकामागून एक. आणि ती माझा हात धरून विचारते, आई, तुम्ही सकाळपासून काही खाल्लंत का?" मार्थाबाईंना पुढचं बोलवेना. पदरानं नाक पुसून त्या म्हणाल्या, "त्या वेळी बाई माणसात असू शकते, हे मला ठाऊकच नव्हतं."

शमुवेलरावांकडे प्रत्येक प्रसंगासाठी एखादं वचन तयार असे. आत्ता वचन राहू देऊन ते बाकावरून उठले. पियुषसमोर, आयाबायांसमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. त्यांनाही रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

"फार दुखलं होतं का गं?" त्यांनी विचारलं.

"खूप," मार्थाबाई म्हणाल्या.