वरून हैबतराव, खालून रत्नाबाई

मी नांद्याच्या शिवारातलं बुजगावणं बोलतोय. हसताय काय? पॅरिसमध्ये बायकांच्या कपड्यांचं एक बडं फॅशन हाऊस आहे, त्या घराण्याचा मूळपुरुष मी आहे.

दोन बांबू आणि एक फुटकं मडकं, एवढ्यातून माझा जन्म झाला. हैबतराव वारले त्या साली त्यांच्या बायकोने, रत्नाबाईंनी, त्यांचा सदरा माझ्या अंगात घातला आणि खाली आपलं जुनं लुगडं गुंडाळलं. सदऱ्याची एक बाही म्हशीने खाल्लेली. आजूबाजूला टॉवर उठले, पण रत्नाबाई एवढं भाताचं खाचर काही विकेनात. संध्याकाळी बांधावर बसून त्या माझ्याशी, म्हणजे सदऱ्याशी, बोलायच्या. सून काय म्हणाली, कोणाची जमीन गेली, सगळं. मी गप्प ऐकायचो. हैबतरावही तेच करायचे म्हणे.

मग त्यांच्याकडे सोलांज नावाची फ्रेंच पोरगी भाड्याने राहायला आली. नोकरी हिंजवडीत कॉम्प्युटरवर, पण जीव सगळा शिवणकामात. मला बघून ती चिखलातच बसली. मग टेप आणून माझी कंबर मोजायला लागली. बांबूला कसली आलीय कंबर? रोज फोटो, रोज वाहवा. माझा जन्म भेसूर दिसायला, आणि ही मला सुंदर म्हणते! मला भारी राग यायचा. एवढ्या कौतुकाने दृष्ट लागेल म्हणून रत्नाबाईंनी तव्याची काजळी घेतली आणि माझ्या कॉलरला तीट लावली. त्यावर तर सोलांज नाचलीच.

भात झोडून झाल्यावर तिने सदरा मागितला. पुढच्या लोंब्या यायच्या आत परत आणते म्हणाली. पाहुण्या पोरीला नाही कसं म्हणायचं? रत्नाबाईंनी घडी घालून, कपाळाला लावून दिला.

सदरा घेऊन ती पॅरिसला गेली आणि तिथे तिने आपलं फॅशन हाऊस काढलं. आता रत्नाबाईंचा मुलगा निरंजन ते मोबाइलवर दाखवतो. उंच उंच बाया एकबाही सदरा घालून, लुगडं गुंडाळून चालतात, तोंडं माझ्या मडक्यासारखी. प्रत्येकीच्या कॉलरला काळी तीट. तीच त्या घराण्याची खूण म्हणे.

परवा पार्सल आलं. आत नवाकोरा सदरा, बाही हुबेहूब म्हशीने खाल्ल्यासारखी. जुना म्हणे तिथे काचेच्या पेटीत ठेवलाय, लोक बघायला येतात. रत्नाबाईंनी नवा सदरा उलटापालटा करून बघितला.

"लई झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "पर ह्यो त्यांचा न्हाई."

तरी मला घातला. पाखरांनी एकदा बघितलं आणि सरळ माझ्या खांद्यावर येऊन बसली.

भात दुधात आलंय. रत्नाबाई संध्याकाळी येतात, पाखरं हाकतात आणि मुकाट्याने घरी जातात. सोलांज, बाई, तुझं घराणं खुशाल चालू दे. तीटही तुलाच ठेव. तेवढी काच उघड आणि सदरा धाडून दे. सून काय म्हणाली, कोणाची जमीन गेली, वर्ष झालं, मला कोणी काही सांगितलेलं नाही.