तिसऱ्या ओळीआधीची टिक्

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. जे ऐकलं तेवढंच मी आयुष्यभर पुढे पोचवलं, पदरचं काही घातलं नाही. पण एका माहितीपटात मी खोट्याला साथ दिली आहे, आणि ते पुष्कळांनी पाहिलं आहे.

कारखान्यातून मी थेट एका तळघरातल्या स्टुडिओत आलो. तिथला रेकॉर्डिस्ट मला रोज मऊ फडक्याने पुसायचा. त्याची बायको डमी गायची. म्हणजे मोठा गायक येण्याआधी तिने गाणं गाऊन ठेवायचं आणि मग तिचा आवाज पुसून त्या जागी त्याचा भरायचा. वीस वर्षं हेच चाललं. ती म्हणायची, "मी म्हणजे फळ्यावरची अक्षरं." गाण्याआधी अंगठी एकदा माझ्या स्टँडवर टेकवायची तिला सवय होती. टिक्. नवरा काचेपलीकडून डोळे वटारायचा आणि ती हसायची.

पुढे भाजलेल्या मुलांच्या दवाखान्यासाठी तीस कलाकारांनी मिळून एक गाणं केलं. सगळे फुकट गायले. गाणं कसं झालं याचा माहितीपटही निघणार होता. तिसरी ओळ एका नामवंत गायिकेची होती, पण तिचा घसा बसला आणि रेकॉर्डिस्टच्या बायकोने गायलेली डमीच ठेवायचं ठरलं. माहितीपटाचा दिग्दर्शक बाईंना म्हणाला, "ताई, ही ओळ तुमचीच. पडद्यावरही तुम्हीच दिसाल." त्या दिवशी जाताना त्यांनी मला हलकेच थोपटलं.

दुसऱ्या दिवशी गायिका आली. माझी वायर काढलेली होती. खिशात हात घालून ती माझ्यासमोर नुसते ओठ हलवत राहिली. कॅमेरा चालू होता. रेकॉर्डिस्टने विचारलं, तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, हिचा चेहरा दिसला तर मदत जास्त येईल. रेकॉर्डिस्ट गप्प बसला. घरीही बोलला नाही.

माहितीपट सगळ्यांनी स्टुडिओतच पाहिला. तिसऱ्या ओळीला टाळ्या पडल्या. सगळे गेल्यावर बाईंनी नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

तो मला पुसू लागला. "मुलांसाठीच होतं ना," म्हणाला.

"मुलांसाठी तर मी गायले. तुम्ही कुणासाठी गप्प बसलात?"

त्यानंतर त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या नाहीत. दोन वर्षांनी आजारात गेल्या.

परवा रेकॉर्डिस्टने कपाटातून मला काढलं, माझी वायर जोडली. खिशातून बायकोची अंगठी काढून स्टँडवर टेकवली. टिक्. मग तो वाट बघत बसला. ओळ आली नाही.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण तो माहितीपट कधी लागला, तर तिसऱ्या ओळीआधी कान द्या. गायिकेचे हात खिशात आहेत, तरी टिक् ऐकू येते. शेजारी कुणी बसलं असेल तर त्याला सांगा, ही दुसरीच बाई गाते आहे. तिच्या नवऱ्याने हे वेळेवर सांगितलं नाही.